ठिपका मध्यावर

१

आमच्या वर्कशॉपमध्ये दोनच माणसं, मी आणि मास्तर. खाली गाद्यांचं दुकान आणि वर दुसऱ्या मजल्यावर आमची लांबट खोली. बिघडलेले गेम कंट्रोलर खोक्यांतून येतात, दुरुस्त होऊन खोक्यांतूनच जातात. मास्तर ते उघडतात, आतला मळ काढतात, अंगठ्याने हलवायची स्टिक झिजली असेल तर बदलतात. मग कंट्रोलर माझ्या टेबलावर येतो. मी त्यात कंपनीचं नवं फर्मवेअर भरते, एकेक बटण दाबून बघते आणि पास की नापास ते ठरवते.

फर्मवेअर म्हणजे यंत्राला कसं वागायचं ते आतून शिकवणारा प्रोग्रॅम. हल्ली तो सगळ्यातच असतो. घरातला वजनकाटा, बाबांचं बीपीचं मशीन, दात घासायचा ब्रशसुद्धा अधूनमधून म्हणतो, अपडेट करा. आपण 'हो' दाबतो आणि कामाला लागतो. आत काय बदललं ते कुणी वाचत नाही. मीही वाचत नाही, आणि माझं तर पोटच त्यावर चालतं. वाचण्यासारखं काही नसतंही. दर वेळी एकच ओळ येते: किरकोळ सुधारणा.

मास्तर माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. जुन्या अपघातात त्यांच्या मांडीत सळई बसली, तेव्हापासून चालताना एका बाजूला कलतात. मला हे काम त्यांनीच शिकवलं. मी त्रेचाळीस वर्षांची झाले तरी मला 'पोरी' म्हणतात. न निघणाऱ्या स्क्रूला जे म्हणतात ते इथे सांगण्यासारखं नाही.

मंगळवारी सकाळी नवं व्हर्जन आलं. मी आठ कंट्रोलर एकदम जोडले. माझ्या स्क्रीनवर आठ चौकोन येतात, प्रत्येकात एक ठिपका. स्टिकला कुणी हात लावलेला नसेल तर ठिपका चौकोनाच्या बरोबर मध्यावर थांबायला हवा.

पहिल्याचा ठिपका जरासा बाजूला होता. स्टिक झिजली की असं होतं, म्हणून मी तो मास्तरांकडे परत सरकवला.

"कालच नवी घातलीय," मास्तर म्हणाले. "कोरी करकरीत."

मग मी बाकीचे चौकोन पाहिले. आठही ठिपके बाजूला सरकले होते.

२

"तुझा स्क्रीन तिरळा झालाय," मास्तर म्हणाले, आणि गंमत म्हणून त्यांनी एक कंट्रोलर टेबलावर गोल फिरवला.

ठिपका उलट्या बाजूने फिरला.

त्यांनी पुन्हा फिरवला. कंट्रोलरचं तोंड कुठेही असो, ठिपका खोलीतल्या एकाच दिशेला राहायचा. आम्ही आठही कंट्रोलर वेगवेगळ्या दिशांना तोंड करून ठेवले. मी पट्टी लावून टेबलावर पेन्सिलीने रेघा मारल्या. सगळ्या रेघा खिडकीजवळच्या कोपऱ्याकडे जात होत्या. तो कोपरा रिकामा आहे. फरशी, भिंत आणि भिंतीला एक जुना खिळा, एवढंच.

मी घाबरले नाही. नव्या स्टिकच्या आत चुंबक असतं. भिंतीत एखादी मोटार किंवा जाड केबल गेली असेल तर चुंबक तिकडे ओढ खाणारच. जुन्या फर्मवेअरला ते जाणवत नसेल, नवं जरा जास्त हळवं असेल. मास्तरांनाही ते पटलं.

"बघूया तरी केबल नेमकी कुठून जाते," असं म्हणत त्यांनी एका कंट्रोलरला लांब वायर लावली आणि तो हातात धरून ते कोपऱ्याकडे निघाले. मी स्क्रीनकडे बघून सांगत होते. ते जसजसे जवळ जात होते तसतसा त्या चौकोनातला ठिपका मध्याकडे सरकत होता. चुंबकाच्या जवळ गेल्यावर ओढ वाढायला हवी, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

"जरा पुढे," मी म्हणाले. "थोडं डावीकडे. अजून अर्धं पाऊल. बस्स."

ठिपका बरोबर मध्यावर आला.

मास्तर कोपऱ्यापासून दोन हात अलीकडे उभे होते. भिंत त्यांच्यापासून लांब होती. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं.

"इथे तर काहीच नाही गं," ते म्हणाले.

त्यांना तिथे मी उभं केलं. दिशा सांगून, एकेक पाऊल मोजून.

३

आईच्या मागे घरात बाबा आणि मीच. दीड वर्षापूर्वी बाबांना झटका आला आणि डावा हात लुळा पडला. बोटांना व्यायाम हवा, पण रबरी चेंडू दाबत बसणं बाबांना लहान मुलासारखं वाटायचं. तेव्हा फिजिओथेरपीवाल्या बाईंनी गेम सुचवला. मी मासे धरायचा एक गेम आणून दिला. तळ्यात नाव हाकायची, गळ टाकायचा, वाट बघायची. बाबांना तो इतका आवडला की आता दुपारी बातम्याही लावत नाहीत. उजव्या हाताने नाव चालवतात आणि डाव्या हाताचं एकच बोट कसंबसं एका बटणावर टेकवतात. मासा लागला की मला फोन करतात, आणि माशाचं वजन दर खेपेला थोडं वाढवून सांगतात.

त्यांचा कंट्रोलर दुरुस्तीला आलेल्यांतलाच, वर्कशॉपच्या मालकांनी मला दिलेला. मंगळवारी मी तो सोबत नेला होता. नवं व्हर्जन आलं की घरच्यातही भरून टाकायचं ही माझी सवय. सकाळी पहिल्यांदा मी त्यातच भरलं होतं, रेघा-बिघा सुरू व्हायच्या आधी.

"माऊ, आज काय करून आणलंस यात?" बाबा म्हणाले. "नाव एकाच बाजूला पळते. पार काठाला जाऊन लागते."

मी तो फोनला जोडून बघितला. ठिपका चौकोनाच्या अगदी कडेला गेला होता. मी खिडकीतून पाहिलं. चार-पाच इमारतींच्या पलीकडे, त्याच दिशेला आमचं वर्कशॉप होतं.

तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलं. ठिपका ओढला जात नव्हता. काहीतरी कुठे आहे ते तो दाखवत होता. लांब असलं की कडेला, जवळ असलं की मध्याकडे.

दुसऱ्याच क्षणी मी स्वतःला हसले. दिवसभर आठ चौकोनांकडे बघून डोकं शिणलं होतं. तरीही मी जुनं व्हर्जन परत भरायचा प्रयत्न केला. कंपनीने ते काढून टाकलं होतं. मी त्यांना तक्रार लिहिली आणि बाबांना म्हणाले, "दोन दिवस कळ काढा. दुरुस्ती येईल."

"काढतो की," बाबा म्हणाले. "मासे कुठे पळून जातायत."

४

बुधवारी सकाळी मी सगळ्यात आधी कोपऱ्याकडे रेघ लावली. ती चुकली. ठिपके आता मास्तरांच्या खुर्चीकडे वळले होते.

मी सांगितल्यावर मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "सळई," ते म्हणाले. "लोखंडच आहे ना. कालपासून उगाच भिंतीतली मोटार शोधतोय आपण."

ते पटण्यासारखं होतं. मग ते हात धुवायला उठले आणि मी स्क्रीनकडे बघत राहिले. ते कलत-कलत दारापर्यंत गेले. ठिपके थोडा वेळ खुर्चीशीच थांबले. मग एकदम, आठही, त्यांच्यामागे निघाले. ते थांबले की ठिपके एक पाऊल मागे थांबायचे. ते वळले की ठिपके त्यांना वळसा घालून पुन्हा त्यांच्या मागे जायचे.

सळई असती तर ती त्यांच्याबरोबर उठली असती.

"मास्तर," मी म्हणाले, "तुम्हाला काही वाटतंय का? म्हणजे, बरं आहे ना?"

ते रुमालाने हात पुसत होते. पुसत राहिले, हात कोरडे झाले तरी.

"कालपासून वाटतंय, कुणीतरी माझं काम बघतंय," ते म्हणाले. "मी नवीन असताना माझे उस्ताद मागे उभे राहायचे ना, तसं. बोलायचे नाहीत. नुसते शिकून घेतल्यासारखे बघायचे." मग हसले. "वय झालं पोरी. चहा सांग."

गुरुवारी दुपारी ते माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी जोडलेला एक कंट्रोलर उचलला. त्या चौकोनातला ठिपका सरकत मध्यावर आला आणि तिथेच बसला. त्यांनी तो खाली ठेवून दुसरा उचलला. त्याचाही ठिपका मध्यावर. टेबलावरचे बाकीचे सगळे थेट त्यांच्याकडे होते. एक पाऊलसुद्धा मागे नाही.

"सुधारलं," मास्तर म्हणाले.

ते आपल्या जागेवर परत गेले. तेरा-चौदा पावलं आहेत. मी मोजली, कारण त्यातलं एकही पाऊल कललं नाही.

त्या दुपारी त्यांनी एकवीस कंट्रोलर उघडले. एकाही स्क्रूला शिवी दिली नाही.

५

शुक्रवारी मास्तर आले नाहीत. मी जोडलेल्या आठही कंट्रोलरचे ठिपके कडेला गेले होते, आणि ते मास्तरांच्या घराच्या दिशेला नव्हते. मला ते कळायला हवं होतं, पण मी मास्तरांच्याच काळजीत होते. मी एक कंट्रोलर पिशवीत टाकला आणि त्यांच्या घरी गेले.

दार काकूंनी उघडलं. त्या आतल्या खोलीकडे बघत हळू आवाजात बोलल्या.

"बसलेत. सकाळपासून बसलेत. जेवण दिलं, सगळं जेवले. मीठ कमी होतं, तरी काही म्हणाले नाहीत."

मास्तर खिडकीशी खुर्चीवर ताठ बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर. माझ्याकडे बघून हसले. चांगलं, सभ्य हसू होतं, एखाद्या बँकेतल्या माणसाचं असावं तसं. मी त्यांना कामाचं विचारलं, त्यांनी नीट उत्तरं दिली. कुठला स्क्रू कुठल्या डबीत आहे तेही सांगितलं. मी गप्प बसले की तेही गप्प बसत, आणि मी पुन्हा बोलेपर्यंत वाट बघत.

काकू मला सोडायला जिन्यापर्यंत आल्या.

"यांचा पाय बरा झालाय," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षांनी. पहाटे सरळ चालत गेले मोरीत. मला आनंद व्हायला हवा ना गं?" त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. "मग मी स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी का लावतेय?"

जिन्यातच मी कंट्रोलर काढून फोनला जोडला. फोनवरही तो चौकोन दिसतो. ठिपका मास्तरांकडे नव्हता. त्यांच्यातलं काम संपवून ते जे काही होतं ते पुढे निघाल्यासारखा तो भलत्याच बाजूला होता. मी जिन्याच्या खिडकीतून त्या दिशेला पाहिलं. पाण्याची टाकी, तिच्यामागे शाळेचं पत्र्याचं छप्पर, त्याच्याही मागे, लांब, आमच्या घराची इमारत.

मी बाबांना फोन लावला. मागे गेमचं संगीत चालू होतं.

"बाबा, नाव कशी चालतेय?"

"अगं, आज फारच छान. काल निम्मी सुधारली होती, आज तर अगदी किंचित ओढते. दाराकडे. कंपनीने काहीतरी केलेलं दिसतंय."

"तो कंट्रोलर खाली ठेवा."

"आत्ता? गळ टाकलाय मी."

"बाबा, ठेवा खाली आणि शेजाऱ्यांकडे जाऊन बसा. मी येतेय."

"झालंय काय तुला, माऊ? थांब." संगीत चालू राहिलं. खुर्ची करकरली. मग बाबांचा आवाज फोनपासून जरा लांब गेला, दाराकडे वळून बोलल्यासारखा. "आलीस पण? अगं, मग फोनवर काय बोलत बसलीस?"

मी जिन्यात उभी होते. मी बाबांना हाक मारली, पुन्हा पुन्हा. फोन कुणी ठेवला नाही. तळ्याच्या पाण्याचा आवाज येत राहिला, आणि थोड्या वेळाने मासा लागल्याची घंटी वाजली.

६

बस मिळाली, मग मिळाली तिथेच अडकली, मग मी उतरून पळाले. पळता पळता फोनकडे बघत होते. ठिपका थोडा थोडा मध्याकडे सरकत होता, म्हणजे मी जवळ जात होते. ते जागचं हललं नव्हतं.

आमच्या घराचं दार लावलेलंच होतं, मी सकाळी लावून गेले होते तसं. मी किल्लीने उघडलं.

बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. बाबा पाठमोरे खुर्चीत बसले होते. नाव तळ्याच्या मधोमध सरळ रेषेत चालली होती. मी बाजूने पुढे गेले आणि त्यांचे हात पाहिले.

त्यांनी कंट्रोलर दोन्ही हातांनी धरला होता. डाव्या हाताची पाचही बोटं बटणांवर चालत होती, भरभर, एकही न चुकता. पण ती आपली आपण चालत नव्हती. प्रत्येक बोट हलायच्या आधी त्याच्या पेरावरची कातडी दाबली जाऊन पांढरी पडायची. आधी कातडी दबायची, मग बोट वाकायचं. लहान मुलाचा हात आपल्या हातात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतात, तसं. मनगटावरही चार पांढरे पट्टे होते, शेजारी शेजारी. माझ्या डोळ्यांदेखत ते पट्टे एकेक करून पुसट झाले, रक्त परत आलं, आणि तरीही बोटं चालत राहिली.

टीव्हीवर मासा आला. बाबांनी कंट्रोलर टेबलावर नीट ठेवला, वायर गुंडाळली आणि माझ्याकडे वळले.

"बसा," ते म्हणाले. "तुम्ही दमलेल्या दिसता."

७

याला आता चार महिने झाले. डॉक्टर फार खूश आहेत. बाबांचा हात त्यांनी दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवला. बाबा घरातली कामं करतात, औषधं वेळेवर घेतात, दुपारी झोपत नाहीत. गेम बंद केलाय, गरज उरली नाही म्हणतात. अंगावर येऊन कुणाला मारत-बिरत नाहीत, रागावत नाहीत. मी पोलिसात जाऊन काय सांगू, की माझे वडील बरे झाले?

एकदा जेवताना मी त्यांना विचारलं, "तुम्ही मला काय हाक मारायचात, आठवतं का?"

"माऊ," ते लगेच म्हणाले. उत्तर बरोबर होतं. मग त्यांनी घास खाली ठेवला आणि अगदी मनापासून विचारलं, "तशी मारू का?"

मी नको म्हणाले.

त्या शुक्रवारनंतरच्या आठवड्यात कंपनीचं पुढचं व्हर्जन आलं. माझ्या तक्रारीचं उत्तर म्हणून त्याचीच लिंक आली होती. सोबतच्या टिपणात या वेळी एक ओळ जास्त होती: ठिपक्याची अडचण दूर केली आहे. ते भरल्यावर ठिपका कायम मध्यावरच राहतो, कुठेही न्या, कसाही फिरवा. मधल्या काळात गेलेले सगळे कंट्रोलर लोकांनी आपापल्या घरी 'हो' दाबून अपडेट केले असतील. त्यांना आता काही दिसणार नाही. मास्तर कामावर परत आले आहेत. रोज चाळीस कंट्रोलर उघडतात, मालक त्यांचं उदाहरण देतात. काकू बहिणीकडे राहायला गेल्या.

पिशवीतला तो कंट्रोलर मात्र मी अपडेट केला नाही. चार महिने तो माझ्या खणात होता आणि चार महिने मी तो लावला नाही. ठिपका लांब दिसला, तर ते आमच्या घरातून गेलं असं ठरलं असतं, आणि मग घरी आहेत तेच आता कायमचे माझे बाबा. ते मला ऐकायचं नव्हतं.

आज दुपारी लावला. मास्तर जेवायला खाली गेले होते. खोलीत उजेड भरपूर होता आणि खालून गाद्या झोडपल्याचा आवाज येत होता. ठिपका घराच्या दिशेला नव्हता. मास्तरांच्या खुर्चीच्या दिशेलाही नव्हता. मध्यापासून जेमतेम नखभर सरकलेला होता, माझ्याकडे. मी खुर्ची डावीकडे ओढली. तो जरा थांबला आणि डावीकडे आला.

म्हणजे माझ्या मागे, एक पाऊल.

पळावं असं आधी वाटलं. मास्तरांना पळून काही साधलं असतं असं वाटत नाही, आणि घरी तर जायचंच आहे. मग मी संध्याकाळचा विचार केला. बाबा दार उघडतील, तुम्ही आलात म्हणतील, माझ्या हातातली पिशवी घेतील, आणि रोजच्यासारखी मी त्यांच्या हातांकडे न बघता आत जाईन. चार महिने मी आतून कडी लावून झोपते आहे. ते दाराबाहेर उभे राहून विचारतात, तुम्हाला काही हवंय का.

ठिपका आता केसभर अंतरावर आला आहे. मी दोन्ही हात टेबलावर ठेवून बसले आहे आणि मागे वळलेले नाही. एकदा तो मध्यावर बसला की आमच्या घरात घाबरणारं कुणी राहणार नाही.